रेंज गेली, आता बोला! : आपत्तीच्या काळात घरच्यांसाठी वॉकी-टॉकी



मोबाइल बंद पडला की काय होतं, हे वसतिगृहात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वीज गेली, वाय-फाय गेलं, की पाच मिनिटांत सगळी पोरं कॉरिडॉरमध्ये! पण तेव्हा आपल्याला ठाऊक असतं, की तास-दोन तासांत सगळं सुरळीत होणार आहे. खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्या गावाला पूर आलाय, टीव्हीवर ओळखीचा पूल पाण्याखाली दिसतोय आणि घरचा एकही नंबर लागत नाही. इथे आपला जीव टांगणीला लागतो. पण तिथे पुरात असलेल्या माणसांचं काय? बाबा दुकानात, आई घरी, बहीण क्लासला. गावातल्या गावात असूनही तिघांना एकमेकांचा पत्ता नाही. मग कोणीतरी काळजीपोटी छातीभर पाण्यात शोधायला उतरतं, आणि संकट तिथे सुरू होतं.

या लेखाचा विषय आहे हातात मावणारा दुतर्फा रेडिओ, म्हणजेच आपला वॉकी-टॉकी. तो कसा चालतो, किती लांब पोहोचतो, कायदा काय म्हणतो आणि तो घरच्यांच्या उपयोगी कसा पडेल, हे पाहू. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सेट मिळवणं हा यातला सोपा भाग आहे, पैसे मोजले की मिळतो. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवणं, हा अवघड भाग. ते केलं नाही, तर महागातला सेटसुद्धा मुलांचं खेळणंच!

मोबाइल नेमका गरजेच्या वेळी का बंद पडतो?

२६ जुलै २००५ ची मुंबई आठवा, किंवा घरच्यांकडून ऐकलेली असेल ती. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते बंद, आणि त्याच वेळी मोबाइलही बंद. लाखो माणसं ऑफिसात, बसमध्ये, रस्त्यात अडकली आणि अनेकांच्या घरी दुसऱ्या दिवसापर्यंत काही कळलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पुन्हा तोच अनुभव आला.

यामागे तीन कारणं असतात. पहिलं कारण वीज. टॉवरखालच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, नंतर डिझेल जनरेटर लागतो आणि पाण्यातून डिझेल पोहोचत नाही. दुसरं कारण जोडणी. टॉवर स्वतः शाबूत असला तरी तो पुढच्या एक्स्चेंजला ऑप्टिकल फायबरने किंवा मायक्रोवेव्हने जोडलेला असतो. पूल खचला की पुलावरून गेलेली फायबर तुटते आणि टॉवर नुसता शोभेला उरतो. तिसरं कारण गर्दी. एका टॉवरची एका वेळची संभाषणं मोजकीच असतात. ती रोजच्या सरासरीवर आखलेली असतात, सगळं गाव एकाच मिनिटाला फोन उचलेल या हिशेबावर नव्हे. ट्रॅफिक थिअरीत शिकलेला 'ब्लॉकिंग प्रोबॅबिलिटी' हा शब्द तेव्हा आपल्याला प्रत्यक्ष भेटतो.

वॉकी-टॉकीला यातलं काहीच लागत नाही. टॉवर नाही, फायबर नाही, सिमकार्ड नाही. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटवर जाते. हीच त्याची ताकद, आणि पुढे दिसेल तशी हीच त्याची मर्यादा.

थोडी ओळख

गंमत म्हणजे 'वॉकी-टॉकी' हे नाव आधी हातातल्या सेटचं नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे पाठीवर बांधून न्यायचा एस.सी.आर.-३०० हा सेट होता, त्याला वॉकी-टॉकी म्हणत. हातात धरायचा एस.सी.आर.-५३६ होता, त्याचं नाव 'हँडी-टॉकी'. पुढे पाठीवरचा सेट गेला आणि नाव हातातल्याला चिकटलं!

घरगुती वापराची कल्पना रुजली तीही अमेरिकेत. तिथे १९९६ साली 'फॅमिली रेडिओ सर्व्हिस' सुरू झाली. ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे चॅनेल सामान्य कुटुंबांना परवान्याशिवाय खुले झाले. युरोपात त्याच धर्तीवर ४४६ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला.

हे सेट फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनवर चालतात आणि एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवतात नि ऐकतात. बाजूचं पी.टी.टी. बटण, म्हणजे 'दाबा आणि बोला', दाबलं की सेट फक्त बोलतो. सोडलं की फक्त ऐकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. ऐकणाऱ्या तिसऱ्याला जो सिग्नल जास्त जोरदार असेल तोच ऐकू येतो, दुसरा पुसला जातो. एफ.एम.चा हा 'कॅप्चर इफेक्ट' आपण प्रयोगशाळेत पाहतो. पुरात तो जीवावर बेतू शकतो, कारण ज्याचा आवाज पुसला गेला त्याला ते कळतही नाही.

कायदा काय म्हणतो?

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

अमेरिकेतून काका-मामा येताना 'पोरांना गंमत' म्हणून वॉकी-टॉकीची जोडी घेऊन येतात. ऑनलाइनही पाच वॅटचे, दोन-दोन पट्ट्यांचे सेट दिसतात. पण तिकडे चालतं ते इकडे चालेलच असं नाही. फॅमिली रेडिओचे ४६२-४६७ मेगाहर्ट्झ भारतात खुले नाहीत. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा अशा कमी शक्तीच्या सेटसाठी परवान्यातून मुक्त केला. शिवाय सेटच्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची 'इक्विपमेंट टाइप अॅप्रूव्हल' ही मान्यता लागते. म्हणजे विकत घेताना दोन गोष्टी बघायच्या. सेट ४४६.० ते ४४६.२ मध्येच चालतो ना? आणि त्याला मान्यता आहे ना? खोक्यावर फ्रीक्वेन्सीच लिहिलेली नसेल, तर सरळ दुकानदाराला परत द्या.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट माहिती न देता विकल्याबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा बजावल्या आणि या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. त्यामागचं कारण साधं आहे. त्या पट्ट्यांच्या आसपास पोलीस, अग्निशमन दल आणि इतर यंत्रणांचं काम चालतं. आपत्तीत बचाव पथकाच्या चॅनेलवर आपण 'हॅलो हॅलो' करत बसलो, तर मदत करायच्या ऐवजी आपण अडथळाच झालो की नाही?

वॅट मोठा की गच्ची मोठी?

खुल्या पट्ट्यातल्या सेटची शक्ती अर्धा वॅट. हे ऐकून इलेक्ट्रॉनिक्सवाले नाक मुरडतात. "अर्ध्या वॅटने काय होणार?" चला, हिशेब करू.

४४६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६७ सेंटिमीटर. मोकळ्या अवकाशात एक किलोमीटरवर या लहरीचा ऱ्हास साधारण ८५ डीबी होतो. अर्धा वॅट म्हणजे २७ डीबीएम, अँटेनाचा हिशेब धरून २९. म्हणजे समोरच्या सेटला सुमारे उणे ५६ डीबीएम मिळतात. चांगल्या रिसीव्हरला उणे १२० डीबीएमसुद्धा ऐकू येतात. म्हणजे ६४ डीबी शिल्लक! कागदावर ही लहर दीड हजार किलोमीटर जायला हवी. हे अगदीच काल्पनिक नाही बरं का. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकातले अंतराळवीर पृथ्वीवरच्या हौशी रेडिओवाल्यांशी काही वॅटच्या सेटवरून बोलतात, कारण मध्ये काहीच आडवं नसतं.

जमिनीवर मात्र सगळंच आडवं असतं. शिवाय सरळ गेलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना छेद देतात. त्यामुळे दोन माणसं जमिनीवर उभी असतील, तर शक्ती अंतराच्या वर्गाने कमी न होता चौथ्या घाताने कमी होते. आता यातून निघणारी गोष्ट लक्षपूर्वक वाचा. शक्ती दहापट केली, म्हणजे अर्ध्या वॅटचे पाच वॅट केले, तर अंतर किती वाढतं? दहाचं चौथं मूळ, म्हणजे फक्त १.८ पट!

आणि उंची वाढवली तर? याच सूत्रात एका अँटेनाची उंची दुप्पट केली, की मिळणारी शक्ती चौपट होते. जमिनीवर उभ्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो. तोच माणूस चौथ्या मजल्याच्या गच्चीवर गेला, की सेट जवळजवळ १२ मीटरवर. उंची आठपट, म्हणून शक्ती चौसष्ट पट! पाच वॅटचा बेकायदा सेट जे देत नाही, ते गच्चीचा जिना फुकट देतो. प्रत्यक्ष शहरात इमारतींमुळे हे गणित इतकं नेटकं उतरत नाही, पण दिशा हीच राहते.

भिंतींचाही हिशेब आहेच. आर.सी.सी.ची भिंत किंवा स्लॅब जाडीनुसार आणि आतल्या सळयांनुसार पाच-दहापासून वीस डीबीपर्यंत खाते. पत्र्याची शेड, लोखंडी शटर, लिफ्ट यांच्या आत तर बोलूच नये. मधे डोंगर आला की संपलंच. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. दरीपलीकडचा मित्र पाच किलोमीटरवरून स्पष्ट ऐकू येतो आणि कड्यामागचा पाचशे मीटरवरून येत नाही.

म्हणून खोक्यावर छापलेल्या अंतराला भुलू नका. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावरचं असतं. दाट वस्तीत रस्त्यावरून रस्त्यावर काहीशे मीटर ते किलोमीटरभर, मोकळ्या रानात तीन-चार किलोमीटर, दोन गच्च्या एकमेकींना दिसत असतील तर त्याहून जास्त, असा अंदाज धरावा. आणि तो अंदाज स्वतः चालून तपासावा.

बोलताना सेट उभा धरा. एकाची अँटेना उभी नि दुसऱ्याची आडवी असेल, तर ध्रुवीकरण जुळत नाही आणि सिग्नल पडतो. सेट कमरेला लावून बोलू नका, आपलं शरीर ती लहर शोषतं. तोंडापासून चार-पाच बोटं अंतर ठेवा आणि ओरडू नका. ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही.

बॅटरीचं गणित

पूर दोन तासांत ओसरत नाही, वीज चार-चार दिवस येत नाही. मग सेट किती वेळ चालेल? समजा, बॅटरी १००० मिलिअँपिअर-अवरची आहे. बोलताना सेट ४०० मिलिअँपिअर घेतो, ऐकताना १००, आणि नुसता चालू असताना ३० असं धरू. तासाला एक मिनिट बोललात, एक मिनिट ऐकलंत आणि उरलेली ५८ मिनिटं सेट नुसता चालू ठेवलात, तर तासाला सुमारे ३७ मिलिअँपिअर-अवर खर्च होतात. बॅटरी २७ तासांत संपते. आता तेवढंच बोला, तेवढंच ऐका, पण सेट तासातून पाचच मिनिटं चालू ठेवा. खर्च दहाच्या आत येतो आणि तीच बॅटरी १०० तास, म्हणजे चार दिवस जाते!

एकूण खर्चातला मोठा वाटा बोलण्याचा नसतो, वाट बघण्याचा असतो. आणि वाट बघणं वाचवायचा उपाय एकच, तो म्हणजे बोलण्याची वेळ आधी ठरलेली असणं. अमेरिकेत घरगुती रेडिओवाल्यांमध्ये 'तीन-तीन-तीन' असा संकेत आहे. दर तीन तासांनी, तीन मिनिटं, तीन नंबरच्या चॅनेलवर. लक्षात ठेवायला सोपा म्हणून चांगला. सहा, नऊ, बारा, तीन या वेळा आजोबांनाही लक्षात राहतात. फक्त घरातली घड्याळं जुळलेली हवीत! तीन मिनिटांची खिडकी आणि पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ यांची गाठ पडत नाही. म्हणून खिडकी दहा मिनिटांची ठेवा, तरी बॅटरी पुरते.

मराठी बोलताना होणारा घोटाळा

रेडिओवर बोलायच्या पद्धतीची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत. त्यात न सापडणारी एक गोष्ट मराठी घरांनी लक्षात घ्यायला हवी.

आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "तुम्ही पुलावरून येऊ नका." आता बोलणाऱ्याने घाईत बटण अर्धा सेकंद आधी सोडलं, तर पलीकडे काय ऐकू गेलं? "तुम्ही पुलावरून येऊ..." संपलं! "आजी घरात नाही" याचं होतं "आजी घरात". "पाणी वाढत नाही" याचं होतं "पाणी वाढत". अर्थ नुसता बदलत नाही, उलटा होतो.

सुरुवातीचा शब्दही असाच जातो. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच सेट मधूनमधून डुलकी घेतात. सिग्नल आला की जागे होतात, पण तोवर पहिला शब्द निसटलेला असतो. म्हणजे वाक्याचं डोकंही धोक्यात आणि शेपूटही!

यावर उपाय सोपे आहेत.

१. बटण दाबा, मनात 'एक' म्हणा, मग बोला. बोलून झाल्यावर पुन्हा मनात 'एक' म्हणा, मग सोडा.

२. शेवटी 'ओव्हर' म्हणा. हे सिनेमातलं नाटक नाही. 'ओव्हर' ऐकू आलं याचा अर्थ वाक्य शेपटासकट पोहोचलं. ऐकू आलं नाही, तर "पुन्हा सांगा".

३. नकार आधी आणा आणि दोनदा आणा. "थांबा. पूल बंद आहे. थांबा. ओव्हर." यातलं काहीही कापलं गेलं तरी अर्थ उरतो.

४. आकडे सुटे सांगा. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास खरखरीत सारखेच वाटतात. "तीन, नऊ" म्हणा.

५. ऐकणाऱ्याने निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा. नुसतं "हो" नको. "हो" हा एवढासा शब्द खरखरीत केव्हाच विरतो.

आणि एक. सेटवर 'प्रायव्हसी कोड' म्हणून जे असतं, त्याने गुप्तता मिळत नाही. तो फक्त एक मंद सूर असतो. तो सूर असलेलेच निरोप तुमचा सेट तुम्हाला ऐकवतो. तुमचं बोलणं मात्र त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकू जातं. तेव्हा "घर रिकामं आहे, किल्ली कुंडीखाली" असलं काही बोलू नये.

घरचा आराखडा : एक उदाहरण

समजा, कोल्हापुरातलं एक कुटुंब आहे. घर शुक्रवार पेठेत नदीच्या बाजूला, दुकान लक्ष्मीपुरीत, मावशी राजारामपुरीत उंचावर. घरात आजी, आई, बाबा आणि कॉलेजला जाणारी मुलगी. सेट तीन. यांनी काय ठरवावं?

*सुरुवात कधी?* "पाऊस जास्त वाटला की" असं मोघम नको. कोल्हापूरकरांकडे राजाराम बंधाऱ्याचा आकडा असतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. मग ठरवा: ३९ ला तिन्ही सेट चार्ज करायचे आणि घराबाहेर पडणाऱ्याने सेट बरोबर न्यायचा. ४३ ची वाट न बघता आजीला मावशीकडे हलवायचं. ज्या गावात असा आकडा नाही, तिथे एखादी ठरलेली खूण धरा. ओढ्याचं पाणी अमुक पायरीला लागलं की सुरू.

*चॅनेल कोणता?* एक मुख्य, एक राखीव. मुख्य चॅनेलवर दुसरं कोणी बोलत असेल, तर न विचारता सगळ्यांनी राखीव चॅनेलवर जायचं.

*वेळ कोणती?* दर तीन तासांनी, तासाच्या ठोक्याला, दहा मिनिटं. जीवाला धोका असेल तेव्हा अर्थातच कधीही.

*कुठून बोलायचं?* प्रत्येकाची बोलण्याची जागा ठरलेली हवी. घरी असेल तर गच्ची, दुकानात असेल तर शटरच्या आत न थांबता वरच्या मजल्याची गॅलरी. ही जागा कोरड्या दिवशी, दोघांनी दोन टोकांना उभं राहून शोधायची असते. दहा पावलं सरकल्याने खरखर जाऊन आवाज स्पष्ट होतो, हे एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही. विजा कडाडत असतील तर मात्र गच्ची वर्ज्य. तेव्हा वरच्या मजल्याची खिडकी बरी.

*मुख्य सेट कोणाकडे?* इथे आपण चटकन बाबांचं किंवा इंजिनिअर पोराचं नाव घेतो. पण खरी लायक व्यक्ती आजी! ती मावशीच्या घरी उंचावर आहे, धावपळ करत नाही आणि तिच्याजवळ वेळ आहे. ठरलेल्या वेळी तिने एकेकाला नावाने हाक मारायची आणि कोण कुठे आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहायचं. सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, आजीने विचारलं की बोलायचं. निरोपाचा क्रमही ठरलेला हवा: मी कोण, कुठे आहे, कसा आहे, आता काय करणार. बस्स, वीस सेकंद.

*ऐकू आलं नाही तर?* हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच बहुतेक घरांत सुटतो. उत्तर न येण्याचा अर्थ वाईट बातमी असा नसतो. बॅटरी संपली असेल, सेट पाण्यात पडला असेल, मधे नवी इमारत आली असेल. म्हणून आधीच ठरवा. दोन वेळा आवाज आला नाही, तर प्रत्येकाने सुरक्षित रस्ता असेल तरच मावशीकडे जायचं, नसेल तर आहे तिथेच उंचावर थांबायचं. शोधायला पाण्यात उतरायचं नाही. कोणीही नाही. आकाशपाताळ एक करून शोधणारा बाप सिनेमात शोभतो. पुरात त्याच्यासाठी दुसरी बोट पाठवावी लागते.

हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक सेटच्या मागे चिकटवा आणि वर पारदर्शक टेप लावा.

हे सेट काय करू शकत नाहीत?

आता आपला, म्हणजे वसतिगृहवाल्यांचा प्रश्न. आपलं घर इथून शंभर-दोनशे किलोमीटरवर. अर्ध्या वॅटचा सेट तिथे पोहोचणार नाही, कितीही उंच टाकीवर चढलात तरी. त्याचा उपयोग गावातल्या गावात घरच्या माणसांना एकत्र ठेवण्यापुरता. मग आपल्याला कसं कळणार? यासाठी पूररेषेपासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यातली एक आत्या किंवा काका ठरवा. घरातल्या ज्या कोणाला रेंज मिळेल त्याने सगळ्यांची खुशाली एका एसएमएसने त्यांना कळवायची आणि आपणही त्यांनाच विचारायचं. एसएमएसला फोनच्या मानाने फारच थोडी जागा लागते, तो गर्दीतूनही वाट काढतो. शिवाय आपण घरच्या फोनला दर दोन मिनिटांनी रिंग मारून त्यांची बॅटरी संपवत नाही.

दुसरी मर्यादा. या चॅनेलवर कुठलंही सरकारी कार्यालय कान लावून बसलेलं नसतं. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका हवी असेल तर ११२ लाच फोन लागायला हवा. रेडिओ इथे इतकंच करू शकतो, की ज्याच्याकडे चालू फोन आहे अशा माणसापर्यंत निरोप पोहोचवायचा.

लांब पल्ल्याचं बोलायचं असेल, तर रस्ता वेगळा आहे, तो म्हणजे हॅम रेडिओ. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यावा लागतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ केंद्र लावून बसला होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला, तेव्हा हौसेसाठी उभारलेल्या त्याच केंद्रावरून खुशालीचे निरोप जाऊ लागले. सेट तिथे आधी होता, चालवणारी माणसं आधी शिकलेली होती, म्हणून हे जमलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा मुळीच जड नाही. रेक्टर सरांनी आणि विभागाने मनावर घेतलं, तर वसतिगृहात चार परवानाधारक तयार होणं अशक्य नाही.

सुट्टीतलं काम

पावसाळ्याआधी कौलं चाळायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाऊस सुरू झाल्यावर कोणी छपरावर चढत नाही. येत्या सुट्टीत घरी गेलात, की अर्धा दिवस यासाठी काढा. सेट नसला तरी चालेल. बोलण्याच्या जागा, भेटण्याची जागा, बाहेरगावची आत्या आणि 'कोणीही पाण्यात उतरायचं नाही' हा नियम, यांना बॅटरी लागत नाही. सेट असतील तर आईला एक द्या, आजीला एक द्या आणि स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. कुठे आवाज तुटतो ते नकाशावर टिपा. आई पहिल्यांदा बटण दाबायला विसरेल, आजी 'ओव्हर' म्हणताना हसेल. हसू द्या. दोनदा केलं की हात बसतो. आणि निघताना दोघींना एवढं मात्र सांगून या: वाक्य पुरं झाल्याशिवाय बटण सोडायचं नाही.